झाड का सुकतं? दोष हाताचा नाही, खिडकीचा आहे!

घरात ऊन येत नाही, तरी झाडं हवीत. मग मनी प्लांट पिवळा पडतो, तुळस सुकते आणि घरातल्याच कुणाला तरी ऐकावं लागतं, ‘तुझ्या हाताला गुणच नाही.’ हा दोष चुकीच्या माणसावर जातोय. कमी उजेडाच्या घरात झाडं कशी जगतात आणि का मरतात, समजून घेऊया.

मुंबईतल्या पुनर्विकासाच्या प्रत्येक गोष्टीत एक कुंडी असतेच. चाळीच्या गॅलरीत, कठड्याच्या आतल्या बाजूला, कधी डालड्याच्या जुन्या डब्यात लावलेली तुळस. सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर पडायचं, पाणी कुणीही घालायचं आणि ती वर्षानुवर्षं हिरवी राहायची. मग चाळ पडते, टॉवर उभा राहतो, कुटुंब सातव्या मजल्यावर जातं. गॅलरी नसते. तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा देवघराशेजारी येते. समोर पंधरा फुटांवर दुसऱ्या विंगची भिंत. पाणी वेळेवर, खत वेळेवर, हळद-कुंकू रोज. तरीही दोन महिन्यांत पानं गळतात, काड्या उरतात.

यानंतर जे होतं ते जास्त त्रासाचं. ‘तुळस सुकली म्हणजे घरावर काहीतरी येणार,’ असं कुणी म्हणतं. कुणी सुनेकडे बघतं. तिच्याकडून काही चुकलं का, शिवाशिव झाली का, अशी चौकशी सुरू होते. ज्या घरात हे घडतं तिथे एक साधा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. या खिडकीत ऊन किती तास येतं?

झाड सुकण्यामागे शुभ-अशुभ काही नाही आणि हातगुणही नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं. झाडाला जितका प्रकाश हवा, तितका त्या जागेत नाही. गंमत अशी की, हे कारण मोजता येतं आणि मोजायचं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे.

डोळा फसवतो

‘आमच्या घरात भरपूर उजेड आहे, दिवसा दिवा लावावा लागत नाही,’ हे वाक्य नर्सरीवाल्यांनी रोज ऐकलेलं असतं. ते खोटं नसतं, पण झाडाच्या उपयोगाचंही नसतं.

प्रकाश पृष्ठभागावर किती पडतो हे ‘लक्स’ या एककात मोजतात. ढोबळ आकडे असे आहेत:

- भर दुपारी मोकळ्या मैदानात: सुमारे १ लाख लक्स
- ढगाळ दिवशी मोकळ्या जागेत: १० ते २० हजार लक्स
- थेट ऊन न येणाऱ्या खिडकीच्या कट्ट्यावर: १ ते ३ हजार लक्स
- चांगला उजेड असलेल्या ऑफिसात टेबलावर: ३०० ते ५०० लक्स
- खिडकीपासून दहा फूट आत, सोफ्याशेजारी: ५० ते १५० लक्स

म्हणजे मैदान आणि सोफ्याचा कोपरा यांच्यात हजारपटीचा फरक आहे. आपल्याला तो हजारपट वाटत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. बाहुली मोठी होते, मेंदू सावरतो आणि १०० लक्समध्येही पेपर वाचता येतो. झाडाला बाहुली नाही. पानावर जितका प्रकाश पडेल तितकंच अन्न तयार होणार.

म्हणून ‘खोलीत उजेड आहे’ आणि ‘झाडाला प्रकाश आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. आतल्या खोलीतल्या झाडांचे निम्मे मृत्यू या एका गैरसमजात सापडतील.

झाडाचा जमाखर्च

झाड प्रकाश वापरून साखर बनवतं, ही जमा. जगण्यासाठी श्वसन करून ती साखर जाळतं, हा खर्च. जमा फक्त उजेडात होते, खर्च चोवीस तास चालू असतो. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च बरोबरीत येतात, ती त्या झाडाची किमान रेषा. तिच्या वर झाड वाढतं. तिच्या खाली ते शिल्लक मोडून खातं.

उन्हात वाढणाऱ्या झाडांची ही रेषा वर असते. तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, टोमॅटो, मिरची ही सगळी त्यात आली. जंगलाच्या तळाशी, मोठ्या झाडांच्या छायेत वाढलेल्या झाडांची रेषा बरीच खाली असते. घनदाट जंगलात जमिनीपर्यंत वरच्या प्रकाशाचा एक-दोन टक्का भागच पोहोचतो. मनी प्लांट, ॲग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली ही मंडळी अशाच छायेला सरावलेली. ती घरात टिकतात ती ‘घरातली झाडं’ म्हणून जन्माला आली म्हणून नव्हे, तर कमी कमाईत संसार करायची त्यांना सवय आहे म्हणून.

पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि इथेच बाजार ग्राहकाला गंडवतो.

‘लो लाइट’ची पाटी काय सांगत नाही

कुंडीवर ‘इनडोअर’, ‘लो लाइट’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘या झाडाला अंधार आवडतो’ असा घेतला जातो. खरा अर्थ इतकाच, की हे झाड कमी प्रकाश सहन करतं. उपास सहन करणं आणि उपास आवडणं यात फरक आहे. झेडझेड प्लांटच्या मातीखाली बटाट्यासारखे कंद असतात. त्यात पाणी आणि अन्न साठलेलं असतं. त्या साठ्यावर ते अंधाऱ्या कोपऱ्यात कित्येक महिने तग धरतं. घरच्यांना वाटतं झाड मजेत आहे. प्रत्यक्षात ते फिक्स्ड डिपॉझिट मोडत असतं.

दुसरी गोष्ट, झाड नर्सरीत कुठे वाढलं? पुण्याजवळ उरुळी कांचनच्या पट्ट्यात किंवा इतर कुठल्याही नर्सरीत गेलं तर ही झाडं हिरव्या शेडनेटखाली दिसतात. पन्नास टक्के सावलीच्या जाळीखालीही भर दुपारी काही दहा हजार लक्स असतात. तिथून ते थेट दोनशे लक्सच्या हॉलमध्ये येतं. पगार एका दिवसात शंभराव्या हिश्श्यावर यावा, तशी ही अवस्था. पहिल्या महिन्यात पानं गळतात ती त्यामुळे. झाड आपला खर्च कमी करत असतं. नेमकं तेव्हाच माणूस घाबरतो आणि जास्त पाणी घालतो, खत घालतो. मग झाड खरोखर मरतं.

विक्रेत्यांनी ‘लो लाइट’ऐवजी सरळ आकडा लिहावा. ‘या झाडाला दिवसा किमान इतके लक्स’ एवढी एक ओळ कुंडीवर छापली, तर कितीतरी पैसे आणि मनस्ताप वाचेल. पंख्यावर वॉट आणि फ्रिजवर तारे छापून येतात, मग शे-पाचशे रुपयांच्या झाडावर ही माहिती का नको?

फोन काढा, मोजा

तोवर मोजणी आपणच करायची. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये स्क्रीनची चमक आपोआप बदलण्यासाठी प्रकाशाचा सेन्सर असतो. ‘लक्स मीटर’ प्रकारचं कुठलंही मोफत ॲप तो आकडा दाखवतं. आयफोनवर अशी ॲप कॅमेऱ्यावरून अंदाज बांधतात. आकडा प्रयोगशाळेइतका अचूक नसतो, पण दोनशे आणि दोन हजार यातला फरक कळायला पुरेसा आहे.

- झाडाचं पान जिथे असेल तिथे, त्याच उंचीवर फोन धरावा. स्क्रीन खिडकीकडे वळवावी.
- घरातले दिवे बंद ठेवावेत.
- सकाळी १०, दुपारी १ आणि ४ असं तीनदा मोजावं.
- एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात मोजावं. जुलैतला आकडा मेपेक्षा बराच खाली आलेला दिसेल.

ॲप नको असेल तर सावलीची चाचणी करता येते. दुपारी झाडाच्या जागी पांढरा कागद ठेवून त्यावर फूटभर उंचीवर हात धरावा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर प्रकाश चांगला. धूसर सावली म्हणजे मध्यम. सावलीच दिसली नाही, तर ती जागा झाडाची नाही.

दक्षिणेची खिडकी आणि परदेशी सल्ला

इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले अमेरिका-युरोपातले. ते सांगतात, दक्षिणेची खिडकी सर्वांत उत्तम. तिथे ते खरं आहे, कारण त्यांच्याकडे सूर्य वर्षभर दक्षिणेला कललेला असतो. मुंबई मात्र सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्यामुळे उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीत ऊन आत शिरतच नाही, वरच्या छज्जावरच अडतं. डिसेंबर-जानेवारीत तेच ऊन तिरपं होऊन हॉलच्या मध्यापर्यंत येतं.

आपल्याकडचा हिशेब साधारण असा:

- पूर्व: सकाळचं सौम्य ऊन. घरातल्या बहुतेक झाडांसाठी सर्वांत चांगली खिडकी.
- पश्चिम: दुपारनंतरचं कडक ऊन. उन्हाची झाडं कट्ट्यावर, छायेतली दोन-तीन फूट आत.
- दक्षिण: हिवाळ्यात भरपूर, उन्हाळ्यात बेताचं.
- उत्तर: बराच काळ फक्त उजेड. छायेतल्या झाडांना चालतं, तुळशीला नाही.

पण शहरात दिशेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे समोर काय आहे. पूर्वेची खिडकी आणि दहा फुटांवर शेजारची इमारत असेल, तर दिशेला अर्थ उरत नाही. सोपी खूण म्हणजे झाडाच्या जागी डोकं नेऊन खिडकीकडे बघायचं. तिथून आकाशाचा तुकडा दिसतो का? दिसत असेल तर आशा आहे. नुसती भिंत दिसत असेल, तर झाडालाही भिंतच दिसते.

शिवाय डासांची जाळी, काळपट काच, ग्रिलवर ठेवलेलं सामान आणि वाळत घातलेले कपडे यातलं प्रत्येक थोडाथोडा प्रकाश खातं. जाळी आणि काच धुणं, पानं ओल्या फडक्याने दर पंधरा दिवसांनी पुसणं, हे फुकटचे उपाय आहेत. बांधकामं आणि रस्त्यांची धूळ पानावर किती बसते, ते फडकं बघून कळतं.

कुठे काय ठेवायचं?

मोजणी झाली की निवड सोपी होते.

- २०० लक्सच्या खाली: दिव्याशिवाय कुठलंही झाड ठेवू नये. इथे झाड मरायला वेळ लागतो, एवढंच.
- २०० ते ५००: झेडझेड प्लांट, स्नेक प्लांट, हिरवा ॲग्लोनेमा, कास्ट आयर्न प्लांट. ही टिकतील, वाढ मात्र अगदी सावकाश. कास्ट आयर्न प्लांट एकोणिसाव्या शतकात गॅसबत्तीच्या धुरकट इंग्रजी घरांत टिकलं, तिथून त्याला हे ‘बिडाचं झाड’ असं नाव पडलं.
- ५०० ते १,५००: मनी प्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, ड्रॅसिना, नेचे.
- १,५०० च्या वर, ऊन नसलं तरी: वरची सगळी आणि स्पायडर प्लांट, रंगीत ॲग्लोनेमा, पुदिना, पानओवा.
- रोज चार-पाच तास थेट ऊन: तुळस, गुलाब, मोगरा, जास्वंद, मिरची.

एक नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. पानात हिरवा रंग जितका कमी, तितकी प्रकाशाची गरज जास्त. पांढऱ्या-पिवळ्या भागात हरितद्रव्य कमी असतं. म्हणूनच पिवळ्या ठिपक्यांचा मनी प्लांट आतल्या कोपऱ्यात काही महिन्यांनी नुसता हिरवा होतो. दोन पानांमधलं अंतर वाढणं, नवं पान आधीच्यापेक्षा लहान येणं, सगळं झाड खिडकीकडे झुकणं, ही सुद्धा प्रकाश कमी पडल्याचीच लक्षणं. कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवली तर झुकणं कमी होतं.

हवं तर अदलाबदल करावी. सारख्या दोन कुंड्या घ्यायच्या. एक हॉलमध्ये, एक खिडकीत, दर पंधरवड्याला जागा बदलायची. मात्र आतलं झाड एकदम कडक उन्हात ठेवू नये, पानं भाजतात.

मरण उपासाचं, पण हत्यार पाण्याचं

कमी उजेडातली झाडं प्रत्यक्षात मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. यात विसंगती नाही. प्रकाश कमी म्हणजे पानांतून बाष्प कमी, मुळांची पाण्याची मागणी कमी आणि माती ओली राहण्याचा काळ जास्त. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरतं, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेली मुळं पाणी उचलत नाहीत, म्हणून पानं मलूल दिसतात. मलूल दिसली की पुन्हा पाणी.

‘दर दोन दिवसांनी एक ग्लास’ हा हिशेब म्हणून सोडून द्यावा. बोट दोन पेरं मातीत घालावं. ओल लागली तर पाणी नाही. झेडझेड आणि स्नेक प्लांटला माती पूर्ण कोरडी झाल्यावरच. मुंबईच्या पावसाळ्यात त्यांना दोन-तीन आठवडे पाणी नाही मिळालं तरी बिघडत नाही.

नर्सरीतली लाल माती घट्ट बसते. तिच्यात कोकोपीट, गांडूळखत आणि जाडसर वाळू किंवा परलाइट मिसळून ती भुसभुशीत करावी. कुंडीला खाली भोक हवंच. आणि खताने प्रकाशाची भरपाई होत नाही. प्रकाश ही भाकरी आहे, खत म्हणजे मीठ. भाकरी नसताना मीठ वाढवून पोट भरत नाही.

नऊ वॉटचा उपाय

खिडकीच नसेल किंवा असून नसल्यासारखी असेल तर? उत्तर घरातल्याच सामानात आहे. साधा पांढरा एलईडी बल्ब.

‘ग्रो लाइट’ नावाने जांभळे दिवे विकले जातात. झाडांना लाल आणि निळा प्रकाश जास्त उपयोगी पडतो हे खरं, पण पांढऱ्या एलईडीत दोन्ही असतात. घरगुती कामाला पांढरा बल्ब पुरतो आणि त्या उजेडात माणसालाही बसता येतं.

महत्त्वाचं आहे ते अंतर. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई होतो. नऊ वॉटचा बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. तो पानापासून फूटभरावर असेल तर दीड हजार लक्सच्या आसपास मिळतात. तोच छताला, सात फुटांवर लावला तर अंतर सातपट आणि प्रकाश एकोणपन्नासावा हिस्सा, म्हणजे तीसेक लक्स. ‘ट्यूबलाइट चालूच असते की’ हे म्हणणं म्हणूनच उपयोगाचं नाही. दिवा खाली आणायला हवा. अभ्यासाचा टेबललॅम्प किंवा कपाटाखाली लावायची पट्टी चालते.

खर्च किती? ९ वॉट, रोज १२ तास, महिन्याला सव्वातीन युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी बत्तीस-तेहतीस रुपये. एका वडापावाच्या आसपासच्या खर्चात दोन-तीन कुंड्या महिनाभर जगतात. रात्रभर दिवा नको, झाडालाही अंधार लागतो. टायमरचा प्लग लावला तर लक्षात ठेवायचीही गरज नाही.

‘रात्री ऑक्सिजन देणारं झाड’

या विषयात सर्वांत जास्त फॉरवर्ड होणारा दावा हा. स्नेक प्लांट रात्री ऑक्सिजन सोडतं, म्हणून बेडरूममध्ये ठेवा. यात अर्धं सत्य आहे. स्नेक प्लांट पाणी वाचवण्यासाठी पानांची छिद्रं प्रामुख्याने रात्री उघडतं आणि कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवतं. पण ऑक्सिजन तयार होतो पाण्याच्या विघटनातून आणि त्याला प्रकाशच लागतो. अंधाऱ्या खोलीत ऑक्सिजनचा कारखाना बंद असतो.

‘नासाने सिद्ध केलेली हवा शुद्ध करणारी झाडं’ ही यादीही तशीच. १९८९ च्या त्या अभ्यासात झाडं लहान, हवाबंद पेट्यांत ठेवली होती. घर ही हवाबंद पेटी नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा फेरआढावा घेतला. साध्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते, तेवढा परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असा त्यांचा निष्कर्ष होता. दहा बाय दहाच्या खोलीत नव्वद ते नऊ हजारांहून जास्त कुंड्या झाल्या. त्यापेक्षा खिडकी उघडणं सोपं.

मग झाडं लावूच नयेत का? लावावीत. ती हिरवी असतात, नवं पान आलं की बरं वाटतं, लहान मुलांना काहीतरी वाढताना दिसतं. एवढं कारण पुरेसं आहे. त्यासाठी ऑक्सिजनची खोटी पावती फाडायची गरज नाही.

दोन धोके, जे पाटीवर नसतात

पहिला धोका लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांना. मनी प्लांट, ॲग्लोनेमा, फिलोडेंड्रॉन, पीस लिली, डिफेनबेकिया ही सगळी अळू आणि सुरणाच्या कुळातली. कच्चा अळू खाजतो त्याचं कारण पानातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. तेच या झाडांतही असतात. पान चावलं तर तोंड आणि घसा जळजळतो, सुजतो. रांगतं मूल असेल त्या घरात कुंड्या उंचावर हव्यात.

दुसरा धोका डासांचा. बाटलीतला मनी प्लांट, लकी बांबूचं भांडं आणि कुंडीखालची ताटली इथे साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरवणारा एडिस डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पाणी ओतून, भांडं आतून घासून पुन्हा भरायचं. नुसती वरून भर घालून चालत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात.

मग तुळशीचं काय?

तुळस हे उन्हाचं झाड आहे. देवघराशेजारी, पंख्याखाली, आतल्या कोपऱ्यात ती जगणार नाही, कितीही भावाने ठेवली तरी. शिवाय तुळशीचं आयुष्य मुळातच मोजकं. मंजिऱ्या येऊन बी पिकलं की झाड उतरणीला लागतं. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ते लांबतं, थांबत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षांनी तुळस सुकणं हा अपशकुन नाही, तिचा क्रम आहे. सुकण्याआधी त्याच मंजिऱ्यांतून नवी रोपं करून ठेवणं हा शहाणपणा.

ऊन नसलेल्या घरांना मार्ग दोन. एक, अगदी जवळ लावलेला जास्त क्षमतेचा दिवा, रोज १४ तास. दुसरा, इमारतीची गच्ची. अनेक सोसायट्यांत गच्चीला कुलूप असतं आणि कुंड्या ठेवायला मनाई. गळतीची आणि पाणी साचण्याची भीती अगदीच निराधार नाही. पण स्टँडवर ठेवलेल्या, ताटलीसह आणि ठरलेल्या कोपऱ्यातल्या कुंड्यांना परवानगी द्यायला काय हरकत आहे? ज्या इमारतीत खालच्या चार मजल्यांना ऊन मिळत नाही, तिथे गच्चीवरचं ऊन सर्वांचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगनंतर दहा मिनिटं या विषयाला द्यावीत.

कुंडीपलीकडचा प्रश्न

शेवटी झाड हे घरातलं सर्वांत प्रामाणिक प्रकाशमापक आहे. जिथे मनी प्लांटही जगत नाही, तिथे माणसं राहतात, मुलं अभ्यास करतात, म्हातारी माणसं दिवसभर बसून असतात. माणूस डोळ्यांनी जुळवून घेतो म्हणून तक्रार करत नाही. झाड दोन महिन्यांत सांगून टाकतं.

हा प्रश्न शोभेचा नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडमधल्या दाटीने उभ्या इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, उजेड आणि हवा नसणं आणि क्षयरोगाचं प्रमाण यांचा संबंध त्यात दिसला. तिथे काही इमारतींमधलं अंतर जेमतेम तीन मीटर आहे. तिथल्या खिडकीत तुळस जगत नाही, यात तिथल्या बाईच्या हाताचा काय दोष?

आपल्याकडे प्रकाशाला कायद्यात अगदीच जागा नाही असंही नाही. १८८२ च्या इझमेंट कायद्यानुसार एखाद्या इमारतीला वीस वर्षं अखंड, निर्वेध प्रकाश मिळत असेल, तर त्या प्रकाशावर हक्क निर्माण होऊ शकतो. पण कोर्टाची पायरी, वकिलाची फी आणि मोठं नुकसान सिद्ध करण्याची अट, यात सामान्य भाडेकरू टिकत नाही. नव्या इमारतीत राहायला जाणाऱ्याला तर तो हक्क सुरूच व्हायचा असतो.

म्हणून प्रश्न आधी विचारायला हवेत. घर बघताना टाइल्स, मॉड्युलर किचन आणि लॉबीतलं झुंबर बघितलं जातं. त्यासोबत फोन काढून दुपारी एक वाजता खोलीच्या मध्यभागी लक्स मोजावेत. समोरच्या मोकळ्या जागेवर पुढे काय होणार, दोन विंगमध्ये अंतर किती, स्वयंपाकघराची खिडकी आकाशात उघडते की डक्टमध्ये, हे विचारावं. पुनर्विकासाच्या करारात कार्पेट एरियाचा चौरस फूट न् फूट भांडून घेतला जातो. तितक्याच जोराने उजेडही मागायला हवा. वाढीव पन्नास चौरस फूट अंधारात असतील, तर ते दिवसाही दिवा लावूनच वापरावे लागतील.

तोवर ज्या घरात कुंडी सुकली आहे, तिथे एवढं तरी करता येईल. कुंडी उचलून खिडकीशी न्यायची, पाणी थांबवायचं, दिवा खाली आणायचा. आणि ‘तुझ्या हाताला गुण नाही’ हे वाक्य मागे घ्यायचं.